मुशीतलं विरजण

आमरीनला पगार मिळायचा तो धातू का सडतो हे सांगण्याबद्दल. वाळूजच्या कारखान्यांतून तुटलेले बोल्ट, तडकलेली झाकणं, फुगलेल्या कड्या पिशव्यांत भरून तिच्या प्रयोगशाळेत यायच्या. ती त्यांचे काप काढायची, आरशासारखे घासायची आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. नातेवाइकांना हे समजावता समजावता तिची निम्मी उमर गेली होती. नौशीनखाला दर ईदला विचारायच्या, "तू डॉक्टर ना? मग माझ्या गुडघ्याचं बघ की." आमरीन म्हणायची, लोखंडाचा असता तर बघितला असता.

तिचे अब्बा, मुबारकभाई, बिदरीचे कारागीर. औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत खाली कारखाना, वर घर. जस्त वितळवायचं, सोळाला एक तांबं घालायचं, सुरई किंवा तबक ओतायचं, त्यावर छिन्नीनं वेल कोरायची आणि कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या मातीत नवसागर घालून उकळी आणायची आणि वस्तू तिच्यात बुडवायची. जस्त काळंभोर होतं, चांदी पांढरीच राहते. एवढीच ही सगळी करामत. पण ती करायला मुबारकभाईंच्या खानदानात सात पिढ्या खपल्या होत्या आणि त्यातल्या एकीनंही दुसऱ्याला सुखासुखी काही शिकवलं नव्हतं. उस्तादानं शागिर्दाची तारीफ तोंडावर करायची नाही, हाही त्यांच्यातला कायदाच होता.

दुसरा कायदा जामनचा. दही लावताना आपण कालच्या दह्याचं विरजण घालतो, तसं हे लोक नव्या ओतीत जुन्या ओतीचा तुकडा घालत. हातभर लांबीची एक वीट असायची, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलेली. मूस पेटली की बापानं बिस्मिल्ला म्हणून तिचा एक तुकडा तोडायचा आणि आत सोडायचा. वीट झिजली की कुठल्यातरी चांगल्या ओतीतलं उरलेलं तिच्यात मिसळून तिला पुन्हा उभं करायचं. म्हणजे पहिल्या पुरख्याचा जीव थोडा थोडा करून प्रत्येक सुरईत जात राहतो, असा हिशेब. जामन बापाकडून मुलाकडं जायचं. मुलीकडं नाही, शागिर्दाकडं तर मुळीच नाही.

आमरीनला शाळेत असल्यापासून ही गोष्ट खुळचट वाटायची. पण तिनं तसं कधी म्हटलं नव्हतं, कारण म्हणून उपयोग नव्हता.

घोटाळा सुरू झाला तो मुंबईहून. समुद्रकाठच्या एका हॉटेलानं दोन वर्षांपूर्वी चाळीस तबकं घेतली होती. आता त्यातली अकरा परत आली. तबकं फुगली होती. कडांना पापुद्रे सुटले होते, चांदीच्या तारा खाचेतून वर उठल्या होत्या आणि एक तबक तर हातात धरल्या धरल्या बिस्किटासारखं तुटलं. मुबारकभाई दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माती बदलली. मग आणखी एकदा बदलली. सात पिढ्यांची अक्कल मातीत, तेव्हा दोषही मातीतच असणार. माती निर्दोष निघाली, आणि मग त्यांची नजर माणसाकडं वळली.

माणूस एकच होता. संघपाल. कन्नडजवळच्या पिशोरहून सतराव्या वर्षी आला आणि बावीस वर्षं मुबारकभाईंच्या समोरच्या पाटावर बसला. जस्ताची खरेदी त्याच्याकडं असायची. भंगारवाल्याकडून लाद्या निवडून तोच आणायचा.

"भेसळीचं जस्त आणलंस," मुबारकभाई म्हणाले. "माझ्या नावाची माती केलीस."

संघपाल म्हणाला, "नाय आणलं, उस्ताद."

"मग तबकं आपोआप फुटली व्हय?"

संघपालनं आपल्या छिन्न्या पाटावरच ठेवल्या. फक्त कोनाड्यातली एक दौत उचलली, त्याच्या हातची पहिली वस्तू, आणि तो पिशोरला निघून गेला. आमरीन तेव्हा जिन्यात उभी होती. तिला लहानपणी चांदीची तार ओढायला शिकवलं ते संघपालनं, अब्बांनी नव्हे. तिला पुरावा नसताना बोलायची सवय नव्हती, आणि त्या दिवशी तिला त्या सवयीचा राग आला.

त्या दिवसापासून मूस थंड पडली ती पडलीच. मुबारकभाई सकाळी खाली येऊन बसायचे, हातोडी पुसायचे आणि वर जायचे. बाजारात बभ्रा झालाच होता. संघपालला पैठणच्या एका कारागिरानंही उभं केलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोर आहे की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं.

आमरीननं तुटलेल्या तबकाचा तुकडा पर्समध्ये टाकला आणि कामावर नेला.

धातू वरून अखंड दिसतो, पण आतून तो शेतांसारखा असतो. कण आणि कण, आणि दोन कणांच्या मध्ये बांध. माणसांची भांडणं बांधावरून होतात, धातूचीही तिथूनच. आमरीननं काप पडद्यावर घेतला तर सगळे तडे बांधाबांधानं गेले होते. कण धड होते, शेजार मोडला होता. बांधावर शिसं दिसलं. त्याचं तिला नवल वाटलं नाही. भंगाराच्या जस्तात शिसं असतंच, आणि पणजोबांच्या काळातही असणार. पण शिशानं शंभर वर्षं काही केलं नव्हतं, मग आत्ताच त्याच्या अंगात काय आलं?

सूक्ष्मदर्शक याहून पुढं जाईना. तिनं त्या बांधावरून एक सुई कोरून काढली, केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या टोकाची, आणि चेन्नईच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. तिथलं यंत्र सुईच्या टोकावरून एक एक अणू उपटतं आणि प्रत्येकाला नाव-गाव विचारतं. तपासून होईपर्यंत सुई संपून जाते. उरते ती फक्त कोण कुठं बसला होता याची यादी. तीन आठवड्यांनी यादी आली. जस्त, तांबं, शिसं. आणि बांधावर गर्दी करून बसलेलं ॲल्युमिनियम.

हे पाहुणे कुठून आले? आमरीननं संघपालनं आणलेल्या, कोपऱ्यात पडलेल्या उरल्यासुरल्या लाद्या तपासल्या. सहाच्या सहा. ॲल्युमिनियमचा मागमूस नाही. तांबंही स्वच्छ. त्या संध्याकाळी ती चहा घेऊन खाली आली.

"अब्बा, संघपालचं जस्त चांगलं होतं."

मुबारकभाई हातोडी पुसत राहिले. "मग काय भुतानं भेसळ केली?"

"मुशीत जस्त, तांबं सोडून आणखी काय जातं?"

हातोडी थांबली.

"जामन तपासायला द्या," आमरीन म्हणाली. "नखाएवढं."

"ते मुलीला देत नाहीत."

"मुलीला नका देऊ. प्रयोगशाळेला द्या."

ते उठून वर निघून गेले. आठ दिवस घरात मीठ-भाकरीपुरतं बोलणं झालं. नवव्या दिवशी सकाळी तिच्या डब्याशेजारी फडक्यात बांधलेला तुकडा होता. मुबारकभाई खिडकीकडं तोंड करून बसले होते. त्यांनी वळून बघितलं नाही, आणि आमरीनला तेव्हाच वाटलं की यांना काहीतरी माहीत आहे.

या तुकड्याला चेन्नईला पाठवायची गरजच पडली नाही. शंभरात दोन भाग ॲल्युमिनियम आणि चिमूटभर मॅग्नेशियम. आमरीन खुर्चीत मागं टेकली. ही पाककृती ती दर आठवड्याला अहवालात लिहायची. जस्तात चार टक्के ॲल्युमिनियम, जरासं मॅग्नेशियम: वाळूजला दाराच्या मुठी, कुलपं, नळाच्या तोट्या ज्याच्या ओततात तो धातू. इथं कुणीतरी त्यात निम्म्याला निम्मं घरचं जस्त मिसळलं होतं.

ती संध्याकाळी घरी आली आणि आधी कारखान्याच्या भिंतीकडं गेली. दाराशेजारच्या खिळ्यावर एक नायलॉनची पिशवी असायची. खिळा होता. पिशवीच्या जागी भिंतीचा फिकट चौकोन होता आणि भोवती काजळी.

त्या पिशवीत मुठी होत्या. अम्मारच्या.

अम्मार तिचा धाकटा भाऊ. बिदरी सोडून तो वाळूजला ओतकामाच्या कारखान्यात लागला तेव्हा घरात मोठा तमाशा झाला. मुबारकभाई त्याला चारचौघांत "तोट्या ओतणारा" म्हणायचे. तो हसायचा. एकदा नाकारलेल्या मुठींची पिशवी घेऊन आला, जवळजवळ दोन किलोंची, आणि म्हणाला, "अब्बा, आमचं पण जस्तच आहे. फक्त झटकन चमकतं." अब्बांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही, खिळ्याला टांगली. पुढं चार महिन्यांनी अम्मारची मोटारसायकल वाळूज रस्त्यावर ट्रकखाली गेली. बाप-लेकाचं शेवटचं धड बोलणं म्हणजे ती पिशवी.

आमरीन त्या खिळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. ती हिशेबी बाई, तिनं तिथंही हिशेब केला. अहवालात "बाजारातलं जस्त खराब" असं लिहिलं तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. भंगारवाल्याला लाज नसते. अब्बांना कळायचं नाही की लेकाची आठवण म्हणून घातलेल्या धातूनं त्यांची तबकं खाल्ली. बिघडत होतं ते एकट्या संघपालचं, आणि तो पिशोरला होता, समोर नव्हता. समोर नसलेल्या माणसावर ढकलणं किती सोपं असतं, हे तिला त्या क्षणी चांगलंच कळलं आणि स्वतःची किळस आली.

ती वर गेली. मुबारकभाई पलंगावर बसले होते.

"पिशवी कुठाय, अब्बा?"

"तुला कळलंय," ते म्हणाले. "मग कशाला विचारतीस."

मग त्यांनीच सांगितलं. अम्मारचा चाळिसावा झाल्यावर एका दुपारी संघपाल जेवायला गेलेला असताना त्यांनी मूस पेटवली. जामनची अख्खी वीट घातली, वरून अम्मारच्या मुठी घातल्या आणि नवी वीट ओतली. "जामन मुलाकडं जायला पाहिजे. मुलगा राहिला नाही. मग मुलालाच जामनमध्ये घेतलं. चुकलं का माझं?"

आमरीन त्यांच्या पायाशी बसली.

"एका तबकात अम्मार किती होता?" त्यांनी विचारलं.

"हजारात दोन भाग. त्याच्याहून कमीच."

"एवढाच?"

"एवढाच."

"आणि एवढ्यानं फुटलं?"

"त्याच्यानं नाही फुटलं. आपल्या धातूत शिसं आधीपासून आहे. दादा-परदादांपासून. ते एकटं कुणाला त्रास देत नाही. मुठींच्या धातूत शिसं येऊ देत नाहीत, म्हणून तोही नीट राहतो. दोघं एका बांधावर आले आणि वरून समुद्राची दमट हवा लागली, की मग फुटतं."

"म्हणजे तोही चांगला, आम्हीही चांगले," मुबारकभाई म्हणाले. "एकत्र ठेवायला नको होतं." आणि मग ते रडले, तीन वर्षांपूर्वी मय्यतीला रडले नव्हते तितके. आमरीनही रडली. तिला वाटलं होतं की आपण रडणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राहिलेली वीट फडक्यात गुंडाळली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली. "ही तर फुटणार नाही ना?"

"आपल्याकडं हवा कोरडी आहे. शिवाय तांदूळ ओल ओढून घेतो."

"किती वर्षं?"

"तुमच्या-माझ्यापुरती."

एवढ्यानं त्यांचं समाधान झालं. पण मग दुसरा पेच उभा राहिला. जुनी वीट पूर्णच मुठींत मिसळली होती. निर्मळ जामन आता कुठंच नव्हतं. आमरीन म्हणाली, कोरं शुद्ध जस्त आणू, शिसं नाही असं, तांबं घालू, झालं. जामन कशाला पाहिजे? मुबारकभाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं पुढचं वाक्य गिळलं. जुन्या जामनमधून ओतलेली एखादी वस्तू वितळवली असती तर चाललं असतं, पण घरात तशी एकही नव्हती. विकणाऱ्याच्या घरात माल थांबत नाही. अम्मीच्या जहेजमधलं पानदान होतं, तेही लॉकडाऊनमध्ये विकलं गेलं. दोघंही बोलत नव्हते आणि दोघांच्याही मनात एकच वस्तू होती. बावीस वर्षांपूर्वी, अम्मार पाळण्यात असताना ओतलेली. ती पिशोरला होती.

ते पिशोरला पोचले तेव्हा दिवे लागायला आले होते. बाजाराच्या टोकाला संघपालचं पत्र्याचं दुकान होतं; कुकरचे कान, मिक्सरची भांडी तो तिथं दुरुस्त करायचा. त्यानं उस्तादांना पाहिलं, हातातला कुकर खाली ठेवला आणि पाट पुसून पुढं केला. नमस्कार-सलाम काही झालं नाही. त्याच्या बायकोनं पाणी आणलं आणि ती दाराशी उभी राहिली. तिला नवऱ्याचे गेलेले महिने माहीत होते, म्हणून ती आत गेली नाही.

"वाच," मुबारकभाई आमरीनला म्हणाले.

तिनं अहवाल काढला. असले अहवाल तिनं शेकड्यांनी लिहिले होते, मोठ्यानं वाचायची वेळ पहिल्यांदाच आली. "संघपाल यांनी आणलेल्या जस्ताच्या सहा लाद्या तपासल्या. कोणताही दोष आढळला नाही. तबकं फुटण्याचं कारण: मुशीत चुकून पडलेला बाहेरचा धातू."

"चुकून नाही," मुबारकभाई म्हणाले. "खोड ते."

"अब्बा..."

"खोड. लिही, मुबारक यांनी स्वतःच्या हातानं घातला. आणि बाहेरचा पण खोड. घरचाच होता."

तिनं पेन काढून दोन्ही शब्द खोडले, लिहिलं आणि खाली सही केली. कागद संघपालच्या बायकोनं हात पुढं करून घेतला. संघपालनं विचारलं, "घरचा म्हंजे?" आमरीननं दोन वाक्यांत सांगितलं. अम्मारचं नाव निघालं तेव्हा संघपालनं खाली बघितलं. त्या पोराला त्यानं खांद्यावर बसवून गल्लीभर फिरवलं होतं.

"मी तुझ्यावर आळ घेतला," मुबारकभाई म्हणाले. "बावीस वर्षं समोर बसलेला माणूस एका दिवसात बाहेर काढला. माफी मागायला आलोय. आणि माझं जामन नासलंय. विरजण मागायला पण आलोय."

संघपाल म्हणाला, "दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, उस्ताद. इथं शेजारीपाजारी लई पाळतात."

"मग सकाळपर्यंत बसतो."

"आम्ही नाय पाळत," संघपाल म्हणाला आणि आत गेला.

दौत घेऊन तो बाहेर आला. मुठीत मावेल एवढी, कच्च्या हाताची. वेल एका बाजूला कलली होती. आमरीननं सवयीनं भिंग काढलं आणि कडेकडेनं फिरवलं. एकही तडा नव्हता. मुबारकभाईंनी दौत दोन्ही हातांत धरली. संघपालच्या बायकोनं तोंड फिरवलं, कारण त्या दौतीचं आता काय होणार हे तिलाही कळलं होतं.

"ओतायला तू येशील?" मुबारकभाईंनी विचारलं. "मूस तू धरायची. पुढचं जामन तुझ्याकडं ठेवायचं."

संघपालनं फळीवरून बारीक छिन्नी उचलली आणि उस्तादांच्या पुढं ठेवली.

"आधी तिची चांदी काढून घ्या," तो म्हणाला. "नायतर उद्या मुशीत काय निघालं, तर पुन्यांदा माझ्याच नावावर जायचं."

मुबारकभाईंनी मान हलवली. त्यांनी चष्मा लावला, दौत गुडघ्यावर टेकवली आणि वाकड्या वेलीच्या टोकाशी छिन्नी घातली. तार निघेना. त्यांनी कोन बदलला, पुन्हा घातली, तरी निघेना. संघपालनं वरचा बल्ब वायरीसकट ओढून त्यांच्या हाताजवळ धरला.

"घट्ट बसवली होतीस," मुबारकभाई म्हणाले.

बावीस वर्षांत त्यांनी असं पहिल्यांदाच म्हटलं. संघपालनं ऐकलं आणि बल्ब आणखी थोडा खाली धरला.